कोपरखैरणेतून ओटीएपर्यंत

माझे थोरले चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव सातारा तालुक्यातलं. तिथून जवळच आपशिंगे आहे, त्याच्या नावापुढे लोक सहज ‘मिलिटरी’ लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचा स्तंभ तिथं आहे. आमच्या भागात पोरगा बारावी झाला की पहाटे रस्त्यावर पळायला लागतो. भरती कधी, उंची किती, छाती किती फुगायला हवी, हे म्हाताऱ्या बायकांनाही पाठ असतं. पण ऑफिसर कसं होतात हे अख्ख्या गावात मला कुणी सांगू शकलं नसतं. तात्यांनाही नाही. बावीस वर्षं फौजेत काढून ‘साहेब लोक’ येतात कुठून, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. साहेब येतात, पोस्टिंग संपली की जातात, एवढंच.

मी वाढले कोपरखैरणेत. पप्पा वाशीच्या दाणा मार्केटात माथाडी कामगार आहेत, पन्नास किलोची पोती पाठीवर घेऊन ट्रक रिकामा करणं हे त्यांचं रोजचं काम. आमच्या सेक्टरमध्ये निम्मी घरं अशीच, साताऱ्याची नाहीतर जुन्नरकडची. ऑक्टोबरमध्ये मी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, म्हणजे ओटीएत, दाखल होणार आहे. कॉलेज करता करता हे कसं झालं ते लिहून ठेवते आहे, कारण ज्या गोष्टी एका संध्याकाळी सांगून होतील त्या शोधायला मला चार वर्षं लागली. आमच्यासारख्या घरातल्या पुढच्या मुलीची तेवढी वर्षं वाचावीत.

मी बारावी झाले ते २०२१ साल. त्याच वर्षी १८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं मुलींना एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. बातमी मी टीव्हीवर पाहिली आणि गप्प बसले. परीक्षा नोव्हेंबरात होती. फॉर्म कुठं मिळतो, अभ्यास काय, मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि विचारायला माणूस नव्हता. मी वाशीच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश घेऊन बसले होते. कॉलेजं प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा नोटीस बोर्डावर एनसीसीचा कागद दिसला आणि खाली बारीक अक्षरात ‘सी सर्टिफिकेटधारकांना लेखी परीक्षेशिवाय एसएसबी’ असं लिहिलं होतं. एसएसबी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. लेखी परीक्षा नाही, एवढं कळलं आणि मी नाव दिलं.

आता कळतं, तो कागद अर्धवट होता. पूर्ण सांगायचं तर असं. सिनियर विंगमध्ये, म्हणजे कॉलेजच्या एनसीसीत, दोन वर्षं झाली की बी सर्टिफिकेटची परीक्षा, तिसऱ्या वर्षी सीची. परेडची ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, शिबिरं केलेली लागतात. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले, वय १९ ते २५ मध्ये असलं आणि लग्न झालेलं नसलं, तर एनसीसी स्पेशल एंट्रीचा फॉर्म भरता येतो. वर्षात दोनदा जाहिरात येते. दुसरा रस्ता सीडीएसचा, म्हणजे कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षेचा. ती परीक्षा यूपीएससी घेते, तीही वर्षात दोनदा. दोन्ही रस्ते एसएसबीच्या, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, दारात येऊन मिळतात. ऑफिसर निवडायची पाच दिवसांची चाचणी तिथं होते. मुलींना दोन्हीकडून ओटीएच, डेहराडूनची आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकादमी, नाही. मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ऑफिसरची मुदतीची नेमणूक, दहा वर्षांचं, पुढे चार वर्षं वाढवता येतं. कायम कमिशनचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या फेब्रुवारीतल्या निकालानंतर आपल्यासाठी मोकळा झाला.

लेक्चर सकाळी सातला असायचं. पावणेपाचला उठून मी निसर्ग उद्यानापर्यंत पळत जायची, परत येऊन आंघोळ, मग ट्रेननं वाशी. शनिवार-रविवार परेड. खाकीला कडक इस्त्री हवी म्हणून आई भाताची पेज गाळून ठेवायची, त्यात गणवेश बुडवून वाळवला की क्रीज अशी बसायची की उस्ताद, म्हणजे आम्हाला ड्रिल शिकवणारे, दोन वेळा बघायचे. बेल्टचं पितळ मी घासायची, बूट पप्पा घासायचे. मी नको म्हटलं तरी रविवारी सकाळी बूट दाराशी चकचकीत ठेवलेले असायचे. पहिल्या वर्षी सहा महिने आम्ही फक्त ड्रिल केलं. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. मैत्रिणी विचारायच्या, यातून काय मिळतं. तेव्हा मला सांगता यायचं नाही. पायाची टाच एकाच वेळी पडायला लागली की अंगातून एक लहर जाते, तेवढ्यासाठी मी जात होते.

फायरिंगचा पहिला दिवस मात्र लख्ख आठवतो. पॉइंट टू टू रायफल, आडवं पडून, २५ मीटरवर लक्ष्य, पाच गोळ्या. उस्ताद म्हणाले, ‘श्वास रोको मत, आधा छोडके रुको.’ माझ्या पाचही गोळ्या मध्यापासून दूर, डावीकडे खाली पडल्या, पण सगळ्या पाच रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. मला वाटलं नापास. त्यांनी कागद वर धरला आणि म्हणाले, ‘ग्रुपिंग अच्छी है. निशाना बाद में सुधरेगा, हाथ स्थिर है.’ तो कागद अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

दुसऱ्या वर्षीचं दहा दिवसांचं शिबिर रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत होतं. त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. तोवर मी कॉर्पोरल झाले होते आणि एका वर्गखोलीत झोपणाऱ्या बावीस मुली माझ्याकडे होत्या. पहाटे त्यांना उठवायचं, हजेरी द्यायची, बादल्या-नळाचा क्रम लावायचा, रात्री दिवे बंद करायचे. मी हे सगळं चोख केलं. आमची खोली स्वच्छतेत पहिली आली. चौथ्या दिवशी सकाळच्या पीटीला तुर्भ्याची एक पहिल्या वर्षाची मुलगी कोसळली. तिला सावलीत नेलं, पाणी दिलं, ती शुद्धीवर आली. उस्तादांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, ‘कल रात इसने क्या खाया था?’

मला माहीत नव्हतं.

जेवणाच्या रांगेत आम्ही रँकवाल्या पुढे असायचो. तशी रीतच पडली होती, कुणी ठरवली होती असंही नाही. आदल्या रात्री चपात्या संपल्या, शेवटच्या सात-आठ जणींना नुसता भात मिळाला, आणि त्या मुलीनं तोही खाल्ला नव्हता, कारण तिला पाळी आली होती, पोटात दुखत होतं आणि ते कुणाला सांगायचं हे तिला कळत नव्हतं. सांगायची ती व्यक्ती मीच होते. तिच्यापासून चार अंथरुणं पलीकडे मी पोटभर जेवून झोपले होते. त्या संध्याकाळपासून मी रांगेत शेवटी उभी राहायला लागले. दोन दिवस मला वाटत होतं की यानं काहीतरी भरून निघेल. मग लक्षात आलं की शेवटी उभं राहून नुसतं उपाशी राहता येतं. पुढे काय कमी पडतंय ते बघायला लंगरमध्ये, म्हणजे शिबिराच्या स्वयंपाकघरात, जाऊन पातेल्यात डोकवावं लागतं. तेही करायला लागले.

दिवाळीत गावी गेल्यावर हे तात्यांना सांगितलं. ते अंगणात बसून बैलाची वेसण वळत होते. म्हणाले, ‘आमचा एक साहेब व्हता. बर्फातली पोस्ट. लंगरमध्ये येऊन आधी भांडं हलवून बघायचा, किती हाय त्ये. मग आमी जेवायचो, मग त्यो. आमी त्याला कधी इचारलं न्हाय असं का करतो म्हणून. पन त्यो म्हनला चल, तर आमी कुठंबी गेलो असतो.’ वेसण हातात तशीच धरून ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘तुला ठावं न्हवतं, त्ये आता ठावं झालं. रडायचं कशापायी?’ मी रडत होते हे मला तेव्हाच कळलं.

तिसऱ्या वर्षी नकाशावाचन मला फार आवडायला लागलं. आमच्या एनसीसी ऑफिसर मॅडमनी एका रविवारी आम्हाला बेलापूरच्या पारसिक हिलवर नेलं, सर्व्हिस प्रोट्रॅक्टर आणि प्रिझमॅटिक कंपास घेऊन. नकाशा जमिनीशी जुळवायचा, लांबची दोन ठिकाणं ओळखायची, त्यांची दिशा अंशात मोजायची. मग उलटी दिशा काढायची. १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवायचे, जास्त असेल तर वजा करायचे. दोन्ही रेषा नकाशावर जिथं छेदतात तिथं आपण उभे असतो. खाली खाडी, वाशीचा पूल, रेल्वेचे रूळ, पलीकडे धुरकट मुंबई. जिथं मी जन्मापासून राहते तो सगळा प्रदेश मी त्या दिवशी पहिल्यांदा एका नजरेत पाहिला, आणि आपण नेमकं कुठं उभं आहोत हे पेन्सिलीनं दाखवता आलं. सीच्या परीक्षेत नकाशावाचनाचा भाग मी न अडखळता लिहिला. ग्रेड ए आली.

२०२४ च्या उन्हाळ्यात बी.कॉम. संपलं आणि मी एम.कॉम.ला नाव घातलं. सीडीएसचा फॉर्म भरला, मग जुलैत एनसीसी एंट्रीचाही. त्या जाहिरातीत मुलांना ७० जागा होत्या आणि मुलींना ६. देशभरातून सहा. आईनं तो आकडा ऐकून विचारलं, ‘एवढ्यासाठी एवढं?’ तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, सीडीएसमधून १९ आहेत. आता दोन्ही आकडे मिळवून बघितले तर पंचवीस होतात, आणि ते मी तिला धीर द्यायला म्हणून सांगितले होते.

सीडीएसला ओटीएसाठी गणित नसतं. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, प्रत्येकी १०० गुण, दोन-दोन तास, प्रत्येक पेपरात १२० प्रश्न. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापतात. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी शाळेत झालं, तेव्हा भीती इंग्रजीची होती. झालं उलटंच. इंग्रजीला नियम असतात, ते मी वहीत लिहून काढले आणि रोज ट्रेनमध्ये वाचले. सामान्य ज्ञानाला तळ नाही. मी सहावी ते बारावीची इतिहास-भूगोलाची सरकारी पुस्तकं परत वाचली आणि विज्ञान दहावीपर्यंतचं. कॉमर्सच्या मुलींनी विज्ञान टाळू नये, तिथून बरेच प्रश्न येतात. १ सप्टेंबरला परीक्षा झाली, मी लेखी पास झाले.

नोव्हेंबरात एनसीसी एंट्रीचं एसएसबीचं बोलावणं आलं, भोपाळचं. त्याआधी मी एका खासगी क्लासला तीन आठवडे गेले होते. फी पप्पांच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास होती. एसएसबीत चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात, क्लासमध्ये आम्हाला अशा गोष्टी पाठ करायला दिल्या. कुठलंही चित्र आलं तरी नायक समस्या ओळखतो, टीम जमवतो, गावात जागृती करतो, शेवटी बक्षीस मिळवतो. कसं बसायचं, हात कुठं ठेवायचे, आवाज कुठं चढवायचा, सगळं दिलं. मी ते मनापासून शिकले. कल्याणहून पंजाब मेलनं गेले. स्टेशनवर फौजेची बस न्यायला आली, छातीवर नंबर चढवला. पहिल्याच दिवशी चाळणी असते. आधी बुद्धिमापनाचे प्रश्न, मग एक अस्पष्ट चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग पंधराएक जणींच्या गटात ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. चर्चा सुरू झाली आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मीही ओरडले. कोण काय म्हणतंय हे मी ऐकलंच नाही. दुपारी नंबर वाचले, त्यात माझा नव्हता. संध्याकाळी मी परत स्टेशनवर होते, घरून आणलेला डबाही अजून उघडला नव्हता.

परतीच्या गाडीत रात्रभर जागी होते. मला बाहेर काढलं याचा राग आला नव्हता. त्या गटात माझ्या उजवीकडे बसलेल्या मुलीचा चेहरा मला आठवत नव्हता, आणि तेच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

यानंतर मला जी मदत मिळाली ती फुकट होती आणि ती आधी माहीत असती तर क्लासचे पैसे वाचले असते. नाशिकला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसची लेखी पास झालेल्यांना, एनसीसी सी सर्टिफिकेटवरून एसएसबीला पात्र ठरलेल्यांना, आणि अशाच काही इतरांना तिथं एसएसबीची तयारी करून देतात. राहणं-जेवण मोफत. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागदपत्रं घेऊन मुलाखतीला जावं लागतं, तिथून पत्र मिळतं. मी थंडीत दहा दिवस तिथं होते. तिथले एक निवृत्त अधिकारी माझी लिहिलेली गोष्ट वाचून म्हणाले, ‘बाळ, ही कुणाची गोष्ट आहे? तू दाणा मार्केटमधली ना? तिथं रोज काही घडत नाही का?’ मी वही मिटली. त्या दिवसापासून गोष्टी लिहिताना मी क्लासमधलं गाव सोडलं आणि मला माहीत असलेली माणसं लिहायला लागले. ट्रक उशिरा आला आणि टोळीतला एक जण आजारी आहे. लोकलमध्ये म्हातारीची पिशवी फाटली. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाल्यातून वर आलं. माझ्या गोष्टींना बक्षीस मिळणं बंद झालं, पण त्यात माणसं यायला लागली.

मार्च २०२५ मध्ये सीडीएसमधून बंगळूरचं बोलावणं. उद्यान एक्स्प्रेस. या वेळी चाळणीत चर्चा सुरू झाली तेव्हा परत तोच गोंगाट झाला. मी थांबले. समोरच्या मणिपूरच्या मुलीला काहीतरी म्हणायचं होतं, तिचं तोंड दोनदा उघडून मिटलं होतं. मी तिचा नंबर घेऊन म्हटलं, यांचं ऐकूया. एवढंच केलं. दुपारी माझा नंबर वाचला गेला, तिचाही.

दुसरा दिवस मानसशास्त्राचा. बारा चित्रांवर गोष्टी, त्यातलं शेवटचं पान कोरं असतं. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, वाक्य लिहायचं. साठ प्रसंग, तीस मिनिटं, अशा वेळी तुम्ही काय कराल. शेवटी स्वतःबद्दल लिहायचं. आई-वडील काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुम्हाला काय वाटतं. हाताला इतकी गती लागते की खोटं रचायला वेळच उरत नाही. तिसरा आणि चौथा दिवस मैदानावरचा. त्यातलं एकच सांगते. गटाला एक अडथळा पार करायचा असतो, फळी, बल्ली, दोरी आणि एक ओझं घेऊन. मधल्या जमिनीला पाय लागायचा नाही, लाल रंगवलेल्या भागाला हात लावायचा नाही. आमची फळी समोरच्या टोकापर्यंत पोचत नव्हती, आणि पुढं सरकवली की तोंडावर पडत होती. मला एकदम दाणा मार्केटचा धक्का दिसला. फळी बाहेर काढून ठेवायची असली की पप्पांच्या टोळीतला सगळ्यात जड माणूस मागच्या टोकावर उभा राहतो, आणि पुढचा निर्धास्त चालत जातो. मी मागच्या टोकावर उभी राहिले, आमच्यातली एक नागपूरची मुलगीही माझ्याशेजारी आली. बाकीच्या एकेक करत पुढं गेल्या. शेवटी आम्ही दोघीच मागं उरलो आणि आम्हाला दोरीनं यावं लागलं, त्यात वेळ गेला आणि पुढचा अडथळा अर्धवट राहिला. बाहेर आल्यावर मला वाटत होतं की मी चूक केली, पुढं जायला हवं होतं. अजूनही मला नक्की सांगता येणार नाही. एकट्यानं पार करायचे दहा अडथळे असतात, तीन मिनिटांत. मी आठ केले.

मुलाखत पाऊण तास चालली. आपली माहिती लिहून द्यायचा एक फॉर्म असतो, पीआयक्यू. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी भोपाळला इंग्रजीत ‘खासगी नोकरी’ लिहिलं होतं. बंगळूरला ‘माथाडी कामगार, एपीएमसी, वाशी’ असं लिहिलं. साहेबांनी नेमकं तिथूनच सुरू केलं. माथाडी म्हणजे काय, मजुरी कशी ठरते, मंडळ काय करतं, १९६९ चा कायदा कशासाठी झाला. मला सगळं येत होतं, घरात रात्री जेवताना हेच बोलणं असतं. मग त्यांनी विचारलं, एनसीसीत कधी चुकलीस का? मी त्या तुर्भ्याच्या मुलीचं सांगितलं. इंग्रजी दोन ठिकाणी अडलं, तेव्हा ते म्हणाले, हिंदीत सांग. मी सांगितलं. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, ती मुलगी आता कुठं आहे? मी म्हटलं, सर, यंदा तिची सीची परीक्षा झाली, तिला नकाशा मी शिकवला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स. सगळे परीक्षक एका अर्धगोल टेबलाभोवती, आपण समोर एका खुर्चीत, दोन-तीन मिनिटं. मग बाहेर सगळ्यांना बसवून निकाल. तीन नंबर वाचले. दुसरा माझा होता. उभं राहून नंबर सांगायचा असतो, तो मला पटकन आठवेना, मी छातीकडे बघून सांगितला.

वैद्यकीय तपासणीबद्दल थोडक्यात, पण हे सगळ्यांनी वाचा. मला तात्पुरतं अपात्र ठरवलं, कारण कानात मळ साठला होता. एवढ्याशा गोष्टीसाठी पुन्हा ४२ दिवसांच्या आत अपील करून पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात जावं लागलं. जाण्याआधी कान, दात, डोळे आणि वजन घराजवळच्या डॉक्टरांकडे बघून घ्या. माझे ते आठवडे विनाकारण जिवाला घोर लावणारे गेले.

अपीलमध्ये पात्र ठरले, आणि मग वाट बघणं. याबद्दल कुणी बोलत नाही. एसएसबीनं निवडलं आणि डॉक्टरांनी पात्र म्हटलं तरी गुणवत्ता यादीत नाव लागेलच असं नसतं, आमच्या वेळी जागा १९ च होत्या. नाशिकला माझ्याबरोबर एक कोल्हापूरची मुलगी होती. ती आधी एकदा निवडली गेली होती, वैद्यकीयमध्येही पात्र होती, यादीत नव्हती. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली होती. तिच्याकडे बघून मी स्वतःला सांगायची, नाव नाही आलं तर पुढच्या जुलैत परत फॉर्म. पहाटेचं पळणं थांबवलं नाही. एम.कॉम.च्या परीक्षा दिल्या. पप्पांनी त्या सगळ्या महिन्यांत एकदाही विचारलं नाही. फक्त रोज रात्री माझे पळायचे बूट दाराशी सरळ लावून ठेवायचे.

यादी लागली तेव्हा मी कोपरखैरणे स्टेशनच्या पुलावर होते. फोनवर फाइल उघडली, रोल नंबर टाकून शोधला. तो सापडला. मी परत शोधला. मग पुलाच्या कठड्याला धरून तात्यांना फोन लावला, कारण पप्पा कामावर फोन उचलत नाहीत. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘जेवलीस का?’

जाताना न्यायच्या सामानाची यादी आली आहे. त्यात लोखंडी पेटी आहे, तिच्यावर नाव रंगवून न्यायचं. पप्पांनी तुर्भ्यातून काळी पेटी आणली आणि रंगवायला बाहेर कुणाकडे दिली नाही, डोक्यावर घेऊन मार्केटात गेले. त्यांच्या गाळ्यावर पोत्यांवर मार्का टाकणारे एक काका आहेत, तीस वर्षं तेच काम. सुटीच्या दिवशी मीही गेले. त्यांनी पांढरा रंग पातळ केला, ब्रश झटकला आणि विचारलं, ‘वर नाव टाकतो. खाली गाव कुठलं? साताऱ्याचं की कोपरखैरणे?’

पप्पा म्हणाले, ‘माल जाणार कुठं ते लिवायचं असतं. चेन्नई लिव.’

काकांनी लिहिलं. रंग ओला होता म्हणून आम्ही तिघं तिथंच धक्क्यावर चहा पीत बसलो, आणि पप्पा मधूनमधून उठून माशी बसू नये म्हणून पेटीवर वारा घालत होते.